तैलरंगातील स्थिरचित्र: मोकळा आणि ठाम फटकारा कसा साधावा?

हिरण्यकेशी, संकेश्वर

नमस्कार. शाळेत असताना लोअर आणि हायर या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्यामुळे पेन्सिलीतील छायाप्रकाश आणि जलरंग यांची हाताला सवय आहे. आता घरीच तैलरंगात स्थिरचित्रांचा अभ्यास सुरू केला आहे. पितळी तांब्या, दोन-तीन वांगी, वाळलेल्या मिरच्या, असे जे घरात सहज मिळते तेच मांडून मी बसते. आकार बरोबर येतात आणि पाहणारे वस्तू ओळखतातही. परंतु ज्या चित्रकारांची कामे मला मनापासून आवडतात त्यांच्या चित्रात मोजक्या रुंद फटकाऱ्यांत वांगे उभे राहते, आणि त्याच वांग्यासाठी मी बारीक ब्रशने तासभर रंग घोटत राहते. शेवटी पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण चित्रात जीव राहत नाही.

असा मोकळा हात वेगाने काम करण्याच्या सरावाने येतो का, की त्याआधी दुसरे काही शिकावे लागते? ब्रश कोणते घ्यावेत आणि सुरुवातीला किती रंग पुरेत? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात रंग वाळायला फार दिवस घेतो, त्याविषयीही जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

टिळकवाडीकर, बेळगाव

हिरण्यकेशीताई, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांना पडतो, कारण परीक्षेत नीटसपणाला गुण मिळतात आणि ती सवय पुढे तैलरंगातही आपल्याबरोबर येते.

वेगाचा मुद्दा आधी बाजूला ठेवावा. मोकळा दिसणारा फटकारा घाईने मारलेला असतो, असा समज आहे, आणि तो विद्यार्थ्याला फार मागे खेचतो. ब्रश कॅनव्हासला लागण्यापूर्वी त्या जागेचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणाची पातळी, किती उजळ, रंग किती उष्ण आणि आकार कोणत्या दिशेला वळतो, या तिन्ही गोष्टी चित्रकाराने ठरवलेल्या असतात. म्हणूनच तो फटकारा एकदा मारून तसाच सोडता येतो. हे ठरवणे पॅलेटवर न होता कॅनव्हासवर होऊ लागले की रंग घोटणे सुरू होते. तुमचा तासभराचा वेळ वांग्यावर जात नाही, तो न ठरवलेल्या टोनवर जातो, असे मला वाटते.

हे जुन्या चित्रकारांच्या कामात स्पष्ट दिसते. शार्दां या अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकाराविषयी दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६३ च्या प्रदर्शनावर लिहिताना असे निरीक्षण नोंदवले होते की, जवळ गेल्यास सगळे पुसट आणि सपाट होऊन जाते आणि मागे सरकल्यास सगळे पुन्हा उभे राहते. शार्दां अतिशय सावकाश काम करणारा चित्रकार होता, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. माने या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकाराची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १८८० मध्ये त्याने शतावरीच्या कोंबांच्या जुडीचे चित्र ८०० फ्रँकला विकले. घेणाऱ्या शार्ल एफ्रुसीने १,००० फ्रँक पाठवले, तेव्हा मानेने एकाच कोंबाचे लहानसे चित्र रंगवून, जुडीतला एक कोंब कमी पडला होता, अशा आशयाच्या निरोपासह त्याला पाठवून दिले. संगमरवरी पृष्ठभागावर ठेवलेला तो एक कोंब अगदी थोड्या फटकाऱ्यांत रंगवलेला आहे आणि आज तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याच्या छायाचित्राकडे पाहताना फटकारे मोजू नयेत. कोंबाची उजळ बाजू आणि त्याखालचा संगमरवर यांच्या टोनमध्ये किती थोडा फरक ठेवूनही कोंब वेगळा दिसतो, तेवढेच पाहावे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला दोनच वस्तू घ्याव्यात आणि प्रकाश एकाच बाजूने येऊ द्यावा. पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून त्याची एक बाजू कापली की इतर दिशांचा प्रकाश आपोआप बंद होतो. मग डोळे इतके बारीक करावेत की तपशील दिसेनासा होईल आणि केवळ उजेडाचे व सावलीचे मोठे तुकडे उरतील. हे तुकडे तीनच टोनमध्ये, म्हणजे गडद, मधला आणि उजळ, पोस्टकार्डापेक्षा लहान चौकटीत पेन्सिलीने मांडावेत. या लहान चौकटीत चित्र उभे राहत नसेल तर कॅनव्हासवर ते उभे राहणार नाही.

ज्यावर रंगवायचे तो बोर्ड किंवा कॅनव्हास पांढरा ठेवू नये. पांढऱ्यावर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो आणि आपण नकळत सगळे उजळ रंगवतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, बोर्डभर लावून चिंधीने पुसून घेतला की मधला टोन तयार मिळतो. त्यावर त्याच रंगाने, ब्रशनेच, सावलीच्या कडांची मांडणी करावी. बाह्यरेषेपेक्षा सावलीच्या आकाराकडे लक्ष द्यावे, कारण वस्तूच्या अंगावरची सावली आणि तिची पडछाया यांना मिळून बहुधा एकच सलग आकार असतो, आणि तो एकसंध ठेवला की निम्मे काम होते.

त्यानंतर लगेच रंगवायला घेऊ नये. प्रत्येक वस्तूचा उजेडातील एक आणि सावलीतील एक, असे रंग पॅलेट नाइफने भरपूर प्रमाणात मिसळून ठेवावेत. नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन तो वस्तूच्या दिशेने डोळ्यांसमोर धरावा आणि एक डोळा मिटून तुलना करावी. तो वस्तूवरील टोनशी जुळला की मगच ब्रश हातात घ्यावा. सावल्या पातळ आणि उजेड जाड, हा जुना नियम पाळावा, कारण सावलीतला जाड रंग स्वतःच चमकू लागतो आणि सावली सावली राहत नाही.

ब्रशविषयी सांगायचे तर हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे आणि फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचे चपटे, ८ आणि १२ क्रमांकाचे, पुरेत. बारीक ब्रश पहिले काही महिने डब्यात बंद ठेवावेत. दांडा मागच्या टोकाला धरावा, उभे राहून काम करावे, आणि प्रत्येक दोन-चार फटकाऱ्यांनंतर सहा-सात फूट मागे जाऊन पाहावे.

वेदगंगा, निपाणी

टिळकवाडीकर सरांच्या म्हणण्याला मी एक जोड देऊ इच्छितो, आणि थोडा मतभेदही नोंदवतो. हल्ली मोबाइलवर चित्रफिती पाहून अनेक जण थेट फटकाऱ्यांपासून सुरुवात करतात आणि त्यांच्या तांब्याची दोन्ही अंगे सारखी येत नाहीत, तोंडाचा लंबगोल कललेला राहतो, तरीही त्याला मोकळेपणा म्हणून सूट दिली जाते. लंबगोल चुकला तर कितीही देखणा फटकारा त्या भांड्याला वाचवत नाही. म्हणून रेखांकन आधी स्वतंत्रपणे पक्के करावे, मग ब्रश हाती घ्यावा, असे माझे मत आहे.

आपल्या भागाला या शिस्तीची परंपरा आहे. बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांनी चित्रकलेचे शिक्षण दिले आणि १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले. परांजपे यांच्या रंगांतील मोकळेपणामागे रेखांकनाचा केवढा आधार आहे, हे त्यांचे कोणतेही काम पाहिल्यास कळते. निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे. तेथील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची मूळ चित्रे पाहायला मिळतात. छापील प्रतीत रंगाची जाडी दिसत नाही. ती पाहण्यासाठी मूळ चित्रासमोर, एका बाजूने, खिडकीचा उजेड चित्रावर तिरका पडेल असे उभे राहावे लागते.

टिळकवाडीकर, बेळगाव

मतभेद फारसा नाही. केवळ एवढेच म्हणेन की रेखांकन पक्के झाल्यावर ब्रश घेऊ, असे ठरवल्यास तो दिवस पुष्कळांच्या आयुष्यात येत नाही. रेखांकनाची वही रोज चालू ठेवावी आणि रंगकामही त्याच आठवड्यात चालू ठेवावे. तांब्याच्या लंबगोलासाठी मधोमध उभी अक्षरेषा काढून दोन्ही बाजूंचे अंतर ब्रशच्या दांड्याने मोजावे. शंका आली तर चित्र आरशात पाहावे, चूक लगेच डोळ्यांत भरते.

मलप्रभा, खानापूर

मी पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांच्या हाताखाली काम केले आहे, त्या अनुभवातून ठाम हाताविषयी लिहितो. डिजिटल फलक येण्यापूर्वी ही मंडळी देवनागरी आणि कन्नड अशी दोन्ही लिप्यांतली अक्षरे हातकाठीचा आधार घेऊन एका ओढीत लिहीत असत. त्यांची ओढ थरथरत नसे, याचे कारण निव्वळ धैर्य नव्हते. अर्धे कारण रंगाच्या घट्टपणात होते आणि उरलेले ब्रश भरण्याच्या पद्धतीत.

रंग फार घट्ट असेल तर ब्रश अडखळतो आणि आपण तीच जागा पुन्हा पुन्हा घासतो. फार पातळ असेल तर तो खालच्या ओल्या थरात मिसळून चिखल होतो. ट्यूबमधून निघालेला रंग नाइफने थोडा घोळवून, गरज वाटल्यास जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घालून, लोण्याइतका मऊ करावा. चपटा ब्रश त्या ढिगात खुपसू नये. ढिगाच्या कडेने तो आडवा ओढावा, उलटवून पुन्हा ओढावा, म्हणजे केसांच्या दोन्ही बाजूंना सारखा रंग बसतो आणि टोक धारदार राहते. असा भरलेला ब्रश जवळजवळ आडवा धरून, कॅनव्हासवर दाब न देता, ओल्या थरावर रंग ठेवायचा असतो. एक फटकारा झाला की चिंधीने ब्रश पुसायचा आणि पुन्हा भरायचा. पुसण्याचा कंटाळा केला की तिसऱ्या फटकाऱ्याला खालचा रंग वर येतो. मला विचाराल तर रंग घोटला जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

सरावासाठी एक सुचवतो. आमच्या खानापूर भागात कुंभारकाम जुने आहे, मातीची भांडी सहज मिळतात. झिलई नसलेले मातीचे मडके तैलरंगाच्या विद्यार्थ्यासाठी पितळेपेक्षा कितीतरी चांगले, कारण त्यावर चमक नसते आणि उजेडापासून सावलीपर्यंतचा प्रवास शांतपणे दिसतो. त्या प्रवासाचे चारच पट्टे करावेत: उजेड, अर्धा उजेड, सावली आणि सावलीतला परावर्तित प्रकाश. पट्ट्यांच्या सांध्यावर ब्रश फिरवून ते एकमेकांत मिसळू नयेत. दूरून पाहिले की मडके आपोआप गोल दिसते. यलो ओकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पांढरा आणि अल्ट्रामरीन (निळा) एवढ्या चार रंगांत हे सारे होते.

हिरण्यकेशी, संकेश्वर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ब्रश प्रत्येक वेळी पुसण्याचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. आणखी तीन गोष्टी विचारते. वांग्यावरची चमक पांढऱ्याने दिली की ती चिकटवल्यासारखी दिसते, ती कशी द्यावी? मिरचीचा लाल रंग उजळ करण्यासाठी पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, त्यावर उपाय काय? आणि आमच्या घरी घाण्यावरचे जवसाचे तेल असते, ते रंगात चालेल का?

टिळकवाडीकर, बेळगाव

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. तेलाविषयी वेदगंगा यांनी लिहावे, त्यांचा तो अभ्यास आहे.

वांग्याची चमक ही वांग्याच्या रंगाची नसते, ती खिडकीचे प्रतिबिंब असते. म्हणून खिडकीतून आकाशाचा प्रकाश येत असेल तर चमक किंचित निळसर, आणि पिवळ्या दिव्याखाली किंचित पिवळसर येते. ती चिकटवल्यासारखी दिसते याचे कारण बहुधा तिच्याभोवतीचा टोन असतो. वांगे इतके गडद असते की त्याची उजळ बाजूसुद्धा पाठीमागच्या कापडाच्या सावलीपेक्षा गडद असू शकते. आपण मात्र वांग्याला उजेड द्यायचा म्हणून तो भाग फार उजळ करतो आणि मग चमकेसाठी जागाच उरत नाही. उजेडाची बाजू गडदच ठेवावी, चमकेच्या एका बाजूची कडा धारदार आणि दुसरी थोडी विरलेली ठेवावी, आणि ती अगदी शेवटी, स्वच्छ ब्रशने, एकाच स्पर्शात द्यावी.

पितळेची गोष्ट निराळी आहे. धातूवरची चमक धातूचा रंग घेते, त्यामुळे पितळी तांब्यावरची सर्वांत उजळ जागाही थोडी पिवळी असते. तसेच पितळ आजूबाजूचे सगळे परावर्तित करते, म्हणून सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद टोन तेथे अगदी शेजारी येतात. सावलीतले पितळ पिवळ्या रंगात काळा घालून येणाऱ्या हिरवट छटेकडे झुकते. तो हिरवटपणा पाहून विद्यार्थी घाबरतात, पण तो बरोबर असतो, तसाच राहू द्यावा.

लाल रंगाच्या बाबतीत तुमचे निरीक्षण योग्य आहे. पांढरा मिसळल्याने लाल केवळ उजळ होत नाही, तो थंड आणि फिकाही होतो. म्हणून मिरचीच्या उजेडाच्या बाजूला लालमध्ये कॅडमियम ऑरेंज किंवा थोडा पिवळा मिसळावा आणि पांढरा केवळ चमकेपुरता ठेवावा. सावलीसाठी लालमध्ये अलिझरिन (गडद किरमिजी) आणि किंचित अल्ट्रामरीन घालावा. काळा घातल्यास तो तपकिरीकडे जातो. सर्वांत शुद्ध लाल उजेडात दिसत नाही, तो उजेड आणि सावली यांच्या मध्ये दिसतो. हे एकदा प्रत्यक्ष पाहिले की मिरच्या रंगवण्याची धास्ती राहत नाही.

रंग किती घ्यावेत, हे पहिल्या उत्तरात राहून गेले. आंदेर्स सोर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी चार रंगांची मांडणी, म्हणजे पांढरा, यलो ओकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा), टोन शिकण्यासाठी उत्तम आहे. तीत काळा रंगच निळ्याचे काम करतो, आणि ओकरमध्ये तो मिसळला की शांत हिरवा मिळतो. परंतु वांग्याचा जांभळा त्यात येत नाही, व्हर्मिलियन आणि काळा मिळून विटकट तपकिरीच होतो. म्हणून तुमच्या वस्तूंसाठी अल्ट्रामरीन आणि अलिझरिन हे दोन रंग जोडावे लागतील.

कडांविषयी थोडे लिहितो, कारण मोकळेपणाचे निम्मे रहस्य त्यांत आहे. तुमच्या चित्रात निर्जीवपणा येतो तो सगळ्या कडा सारख्याच धारदार असल्यामुळे असावा. डोळा एका वेळी एकाच जागी स्थिर होतो; बाकीचे त्याला अंदाजाने दिसते. म्हणून चित्रात एकच जागा अशी निवडावी की जिथे कडा सर्वांत स्पष्ट आणि टोनचा विरोध सर्वांत तीव्र असेल. वांग्याचा सावलीतला भाग गडद कापडाला टेकतो तिथे कडा काढूच नये, दोन्ही गडद रंग एकमेकांत मिसळू द्यावेत. पाहणारा ती कडा स्वतःच्या मनाने पूर्ण करतो, आणि त्यामुळे चित्र त्याला जिवंत वाटते.

वेदगंगा, निपाणी

तेलाविषयी. तैलरंग पाण्याप्रमाणे उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेते आणि त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. घाण्यावरच्या तेलातही हा गुण असतो, परंतु त्यात बियांतला चिकट अंश राहिलेला असतो, त्यामुळे ते उशिरा वाळते आणि लवकर पिवळे पडते. चित्रकारांसाठी शुद्ध केलेले जवसाचे तेल लहान बाटलीत मिळते आणि ती बाटली पुष्कळ दिवस पुरते. घरचे तेल चटणीबरोबर खावे. शेंगदाण्याचे तेल मात्र रंगात कधीही मिसळू नये, ते कधीच वाळत नाही. काम संपल्यावर ब्रशमधला रंग काढण्यासाठी ते उपयोगी पडते, पण नंतर ब्रश साबणाने पूर्ण धुतला पाहिजे. करडईचे तेल कमी पिवळे पडत असल्यामुळे काही कंपन्या पांढऱ्या रंगात ते वापरतात, मात्र ते जवसापेक्षा सावकाश वाळते.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा दमट आणि थंड असते, प्रकाशही कमी, म्हणून वाळणे लांबते. सर्वच रंग सारख्या वेगाने वाळत नाहीत. अंबर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन फार वेळ घेतात. त्यामुळे खालचा पहिला थर अंबरचा ठेवणे पावसाळ्यात दुहेरी सोयीचे ठरते. एकाच बैठकीत, ओल्यावर ओले, चित्र पूर्ण करणाऱ्याला वाळण्याची वाट पाहावीच लागत नाही, आणि मोकळ्या हाताची सवयही याच पद्धतीने लागते. ज्यांना थरांवर थर चढवायचे आहेत त्यांनी खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक, हा क्रम मोडू नये. उलट केल्यास वरचा थर आधी आखडतो आणि तडे जातात. बोर्ड भिंतीला चिकटवून ठेवल्यास मागे बुरशी धरते, म्हणून मागे हवा खेळेल अशी जागा सोडावी.

एक गोष्ट सर्वांनी गांभीर्याने घ्यावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढीग करून ठेवल्यास त्या आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

घटप्रभा, गोकाक

चर्चा वाचून आनंद झाला. प्रकाशाविषयी थोडे लिहिते. युरोपीय पुस्तकांत उत्तरेकडची खिडकी घ्यावी, तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही, असे लिहिलेले असते. ते त्यांच्या अक्षांशांवर जवळजवळ खरे आहे, आपल्याकडे ते वर्षभर खरे नसते. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर या काळात सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरू शकते. पावसाळ्यात ढगांमुळे ते जाणवत नाही, पण मे महिन्यात जाणवते. अशा वेळी खिडकीवर मांजरपाटाचा किंवा ट्रेसिंग कागदाचा पडदा लावावा, प्रकाश पसरट होतो आणि तासभर तरी सावल्या जागच्या हलत नाहीत. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत दिव्यापेक्षा खिडकीवर विसंबणे केव्हाही बरे.

वस्तूंविषयीही एक सूचना. गोकाकची लाकडी रंगीत फळे आणि भाज्या प्रसिद्ध आहेत. खरे फळ दोन-तीन दिवसांत सुकते आणि रंग बदलते. लाकडी फळ आहे तसेच राहते, त्यामुळे तीच मांडणी महिनाभर ठेवून वेगवेगळ्या प्रकाशात रंगवता येते. मात्र त्यांचा रंग सपाट असतो आणि पृष्ठभाग सगळीकडे सारखा चमकतो. म्हणून टोन आणि आकार शिकण्यासाठी ती घ्यावीत. सालीचा पोत, देठाजवळची धूसरता, हे शिकायला बाजारातली खरी भाजीच हवी. रताळी यासाठी फार उपयोगी आहेत. ती लवकर खराब होत नाहीत, त्यांना ठरीव आकार नसतो, आणि माती लागलेल्या लालसर सालीचा रंग मिसळताना नजर चांगली तयार होते.

हिरण्यकेशी, संकेश्वर

मातीचे मडके आणि दोन रताळी मांडून, मोठा ब्रश घेऊन, एका बैठकीत काम केले. मडक्याची सावलीची बाजू एकसंध राहिली आणि ती मला पहिल्यांदाच समाधान देऊन गेली. पण एका रताळ्याचा उजेड दुरुस्त करायला गेले आणि तो भाग मळला. अशा वेळी वरून पुन्हा रंग द्यावा की सोडून द्यावे? तसेच ही ओली चित्रे बेळगावला आणून दाखवायची असतील तर बसमधून कशी आणावीत?

टिळकवाडीकर, बेळगाव

मळलेल्या जागेवर रंग देत राहू नये. नाइफने तो भाग बोर्डापर्यंत खरवडून काढावा, चिंधीने पुसावा, शेजारचा टोन पुन्हा पाहावा आणि रंग नव्याने मिसळून लावावा. सार्जंट या अमेरिकन चित्रकाराची चित्रे पाहून ती एका झटक्यात झाली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात न जमलेला भाग तो खरवडून टाकून पुन्हा पुन्हा रंगवत असे. संध्याकाळच्या बागेत कंदील लावणाऱ्या मुलींचे त्याचे प्रसिद्ध चित्र १८८५ आणि १८८६ अशा दोन वर्षांच्या हंगामांत, त्या प्रकाशाची रोज काही मिनिटेच मिळत असल्यामुळे, थोडे थोडे करून पूर्ण झाले. त्यातला ताजेपणा टिकला, कारण दुरुस्ती वरून थापलेली नाही. जुना रंग काढून त्या जागी नवा फटकारा ठेवलेला आहे. एका बैठकीत एकाच जागेवर दोनदा खरवडूनही टोन जमला नाही तर त्या दिवशी ती जागा रिकामी ठेवावी आणि वहीत तेवढ्याच भागाची तीन टोनची चौकट काढून पाहावी.

चित्रे जरूर घेऊन या. वरेरकर नाट्य संघाच्या इमारतीतील के. बी. कुलकर्णी कलादालनात एखादे प्रदर्शन असेल तो दिवस निवडला तर इतरांची मूळ कामेही जवळून पाहता येतील.

मलप्रभा, खानापूर

बसचे मी सांगतो. एकाच मापाचे दोन बोर्ड घ्यावेत, चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे जाडसर तुकडे ठेवावेत, रंगवलेल्या बाजू समोरासमोर येतील असे बोर्ड त्यांवर बसवावेत आणि बाहेरून सुतळीने आवळून बांधावेत, म्हणजे ओला रंग कशालाही लागत नाही. बुचाच्या ठिकाणी रंग निघतो, म्हणून रंगवताना कोपरे बोटभर कोरे सोडावेत. बांधलेला जोड पिशवीत उभा ठेवावा आणि पिशवी वरच्या रॅकवर न टाकता मांडीवर घ्यावी. प्रत्येक बोर्डाच्या मागे तारीख, प्रकाशाची दिशा आणि वापरलेले रंग पेन्सिलीने लिहून आणावेत, म्हणजे सरांना पाहताना सोयीचे होईल.